वूफरची घूंऽऽ आणि अर्थिंगच्या दोन वाटा

गाणं थांबवलं, टीव्हीचा आवाज शून्यावर आणला, तरी कोपऱ्यातला वूफर घूंऽऽ करत राहतो. दिवसा पंख्याच्या आणि रस्त्याच्या आवाजात ते जाणवत नाही, रात्री सगळं सामसूम झालं की मात्र डोकं उठतं. वाशीम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगमध्ये घ्या की वाशीम शहरात, वायरमनला विचारलं तर तो म्हणतो, ‘हमिंग येतंय.’ मग एक तर वूफर दुकानात परत जातो, नाहीतर कुणीतरी पक्कड घेऊन थ्री-पिन टॉपची वरची जाड पिन तोडून टाकतो. पिन तोडली की आवाज बऱ्याचदा थांबतो, म्हणून हा उपाय गावोगाव पसरला आहे. तो जिवावर बेतणारा आहे आणि त्याची गरजही नसते. नेमकं काय घडतं हे एकदा नीट समजून घेतलं तर हमिंग शांतपणे, सुरक्षितपणे घालवता येतं.

आधी तो आवाज ओळखू. आपल्याकडची घरगुती वीज 230 व्होल्टची आणि 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनं घेणारी. वूफर काम करतो तो साधारण 20 ते 120 हर्ट्झच्या खर्जात. विजेचे 50 हर्ट्झ आणि त्याची दुप्पट 100 हर्ट्झ, दोन्ही नेमके त्याच्या हद्दीत पडतात. लहान स्पीकरांना हा खर्ज नीट काढताच येत नाही, त्यामुळे तोच दोष तिथे लपून राहतो. आपला कानही 50 हर्ट्झला बराच मंद असतो. तो सूर ऐकू येण्यासाठी 44 डेसिबलच्या आसपास पातळी लागते, तर 100 हर्ट्झला 27 डेसिबल पुरतात. म्हणून जास्त त्रास देणारं हमिंग बहुधा 100 हर्ट्झचं असतं. आवाज गोल घूंऽऽ नसून खरखरीत झर्र असा असेल, तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर बंद करून पाहा. तो प्रकार वेगळा आहे.

आता मूळ कारण. थ्री-पिन टॉप असलेल्या वूफरची पत्र्याची बॉडी जाड पिनमधून घराच्या अर्थिंगला जोडलेली असते. ॲम्प्लिफायरही आपल्या टॉपमधून अर्थिंगला जोडलेला असतो. त्या दोघांमध्ये आपण आवाजाची केबल लावतो, जिला आपण आरसीए किंवा एव्ही पिन म्हणतो. या केबलची बाहेरची जाळी एका बॉडीला दुसऱ्या बॉडीशी जोडते. म्हणजे अर्थिंगच्या वायरमधून एक वाट आणि केबलच्या जाळीतून दुसरी, असं एक बंद कडं तयार झालं. याला ग्राउंड लूप म्हणतात.

कडं तयार होणं एवढ्यानं बिघडत नाही. बिघडतं ते अर्थिंगच्या दोन टोकांवरचं व्होल्टेज सारखं नसल्यामुळे. पाण्याच्या दोन टाक्यांमध्ये पातळीचा थोडासा फरक असला तरी मधल्या नळीतून पाणी वाहतंच, तसा इथे केबलच्या जाळीतून विजेचा प्रवाह वाहतो. आणि आरसीए केबलचा मोठा दुबळेपणा असा की तिची जाळी हीच गाण्याच्या सिग्नलची परतीची तारही असते. जाळीचा रोध 0.1 ओहम धरा आणि तिच्यातून फक्त 10 मिलिॲम्पिअर प्रवाह जातोय असं समजा. जाळीच्या दोन टोकांत 1 मिलिव्होल्टचा फरक पडतो आणि तो थेट सिग्नलमध्ये मिसळतो. गाण्याचा सिग्नल 300 मिलिव्होल्टच्या आसपास असतो, त्यापुढे हा तीनशेवा भाग. पण गाणं थांबलं की सिग्नल शून्य होतो आणि 1 मिलिव्होल्ट तसाच उरतो. वूफरचा ॲम्प्लिफायर गाणं आणि कचरा असा भेद करत नाही, तो दोन्ही सारखंच वाढवतो.

व्होल्टेजचा हा फरक येतो कुठून? आपल्याकडची घरं पाहिली की उत्तर सापडतं. जुन्या माळवदाच्या किंवा टिनाच्या घराला लागून नवी स्लॅबची खोली बांधलेली असते आणि तिची वायरिंग वेगळ्या वेळी, वेगळ्या माणसानं केलेली असते. ॲम्प्लिफायर एका खोलीच्या बोर्डावर, वूफर दुसऱ्या वायरिंगच्या बोर्डावर. केबल टीव्हीची तार खांबावरून येते आणि तिची जाळी भलतीकडेच कुठेतरी जमिनीला टेकलेली असते. ती सेट टॉप बॉक्समधून टीव्हीत, टीव्हीतून ॲम्प्लिफायरमध्ये शिरते. माझ्या मते गावाकडच्या हमिंगमध्ये सर्वांत आधी संशय घ्यावा तो या तारेवर.

त्यात आपली जमीन काळी, चिकण. ओली काळी माती वीज चांगली वाहून नेते, पण सुकली की तिचा रोध कितीतरी वाढतो. एप्रिल-मे महिन्यांत भेगा पडल्या की अर्थिंगचा पाइप आणि माती यांच्यात फटी पडतात. त्यामुळे एखाद्या घरात हमिंग उन्हाळ्यात वाढून मृगाच्या पावसानंतर कमी होऊ शकतं. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतायची जुनी सवय म्हणूनच योग्य आहे.

आता शोध. हे काम धीरानं, एका वेळी एकच गोष्ट बदलून करायचं. प्रत्येक केबल काढण्याआधी उपकरण बंद करा, नाहीतर वूफरमधून दणका बसतो. पहिल्यांदा वूफरला फक्त वीज द्या, आवाजाची केबल काढून ठेवा. तरीही घूंऽऽ येत असेल तर दोष वूफरच्या आत आहे, बहुधा फिल्टर कपॅसिटर खराब झालेला असतो, आणि तो मेकॅनिककडेच जायला हवा. आवाज स्पीकरमधून नव्हे, डब्याच्या पाठीमागून येत असेल, तर ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या थरथरत असतील.

केबल काढताच शांत झालं, तर केबल परत लावा आणि टीव्ही, सेट टॉप बॉक्स, डीव्हीडी प्लेअर एकेक करून ॲम्प्लिफायरपासून सोडवा. मग सेट टॉप बॉक्सच्या मागची गोल स्क्रूची तार काढून पाहा. ती काढताच घूंऽऽ थांबली तर चोर सापडला. केबल टीव्हीच्या तारेवर 75 ओहमचा आयसोलेटर बसवला की काम झालं. घरात डिश असेल तर मात्र थांबा. डिशच्या तोंडाशी बसवलेल्या एलएनबीला त्याच तारेतून 13 किंवा 18 व्होल्ट वीज जाते. साधा आयसोलेटर ती अडवतो आणि चित्रच बंद पडतं. तिथे लूप पुढे, टीव्ही आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये तोडायचा. दोघांनाही ऑप्टिकल जागा असेल तर ऑप्टिकल केबल लावा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जातच नाही, त्यामुळे लूप आपोआप तुटतो.

तार निर्दोष निघाली, तर सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या. सहा ॲम्पिअरचा एक चांगला सॉकेट 1300 वॉटच्या पुढे भार झेपवतो, घरच्या ध्वनिसंचाला तो पुरेसा आहे. तिन्ही पिनांचा, खरी अर्थिंगची तार असलेला एक्स्टेंशन बोर्ड घ्या. उपकरणांची अर्थिंग एका जागी आली की पातळीचा फरकच जवळपास संपतो. बऱ्याच घरांत एवढ्यावर काम भागतं आणि यात खर्च फक्त बोर्डाचा. जादा लांबीच्या केबलचं वेटोळं ठेवू नका, आणि ती विजेच्या वायरीपासून दूर, लागलीच तर आडवी ओलांडून न्या.

एवढं करूनही उरलं, तर आवाजाच्या केबलमध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावायचा. यात सिग्नल चुंबकीय मार्गानं पलीकडे जातो आणि जाळीची वाट तुटते. घेताना जपून घ्या. स्वस्तातला लहान ट्रान्सफॉर्मर खर्जात लवकर दमतो, 50 हर्ट्झच्या खाली ढोलाची घुमार पातळ आणि फाटकी होते. मग वूफर घेण्याचा अर्थच उरत नाही.

आपल्याकडे एक उलटा प्रकारही फार दिसतो. लूप नसतो, अर्थिंगच नसतं. सॉकेटला तीन भोकं असतात, पण वरच्या भोकामागे तार नसते. ॲम्प्लिफायरच्या बॉडीला हात लावला की झिणझिणतं आणि हात लावल्यावर हमिंग कमी-जास्त होतं, ही त्याची खूण. इथे आयसोलेटर विकत घेऊन उपयोग नाही, आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. चांगल्या अर्थिंगमध्ये फेज ते अर्थ जवळपास फेज ते न्यूट्रलइतकंच व्होल्टेज दिसतं, आणि न्यूट्रल ते अर्थ फार तर दोन-चार व्होल्ट. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ तुकड्यानं जोडतात. असलं तर ते तात्काळ काढायला लावा. न्यूट्रल कुठे तुटला तर प्रत्येक पत्र्याच्या बॉडीवर 230 व्होल्ट येतात.

‘वूफरसाठी वेगळं अर्थिंग करून द्या’ असाही सल्ला मिळतो. तो ऐकू नका. दोन वेगळे खड्डे म्हणजे दोन वेगळ्या पातळ्या, हमिंगला आणखी खाद्य. जवळ वीज पडली तर त्या दोन खड्ड्यांत क्षणभर हजारो व्होल्टचा फरक येतो आणि तो उपकरणांतून वाट काढतो. खड्डा एकच असावा, निदान अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप, कोळसा आणि मीठ घालून. दुसरा असेलच तर जाड तारेनं पहिल्याला जोडलेला असावा, भारतीय मानक 3043 हेच सांगतं.

राहिली ती तोडलेली पिन. ती टॉपच्या इतर पिनांपेक्षा लांब असते, म्हणजे टॉप लावताना सर्वांआधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. आत फेजची तार सुटून पत्र्याला टेकली, तर याच पिनमधून प्रवाह जमिनीत जाऊन फ्यूज किंवा एमसीबी उडते. पिन नसेल तर बॉडी 230 व्होल्टवर उभी राहते. माणसाचा रोध 1500 ओहम धरला तर अंगातून 150 मिलिॲम्पिअर जातात, आणि हृदय थांबवायला एवढे पुरेसे होतात. आरसीसीबी 30 मिलिॲम्पिअरला वीज तोडते ती याचसाठी. ज्या उपकरणावर चौकोनात चौकोन अशी खूण असते त्याला अर्थची पिन मुळातच लागत नाही. बाकी सगळ्यांना लागते.

तुमच्या घरात पिन तोडलेला टॉप असेल, तर आजच नवा थ्री-पिन टॉप बसवून घ्या आणि मग केबलच्या बाजूनं शोधाला लागा. घरात आरसीसीबी नसेल तर तीही त्याच फेरीत बसवून घ्या.