मॅट्रिकची उर्दू आणि बंद दप्तरे

परभणी जिल्ह्यात १९४८ पूर्वी मॅट्रिक झालेली पिढी आता जवळपास संपली. ती कोणत्या भाषेत शिकली, हेही आपण विसरत चाललो आहोत.

परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होती. १८८४ साली त्या राज्याच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. सरकारी शाळेत चार इयत्ता मराठीत काढलेला मुलगा पुढे गणित, इतिहास, भूगोल सगळे उर्दूतून शिकू लागे. घरी 'बे एके बे' म्हणणाऱ्या पोराला शाळेत बेरीज म्हणजे जमा, वजाबाकी तफरीक, गुणाकार जर्ब, भागाकार तकसीम. भूमितीतला त्रिकोण मुसल्लस. वही उजवीकडून उघडायची, ओळ उजवीकडून डावीकडे न्यायची, आकडा आला की तो मात्र डावीकडून लिहायचा. ज्या घरात उर्दू अक्षर कुणी पाहिले नव्हते, तिथल्या मुलाचे मॅट्रिकपर्यंत काय होत असेल! किती जण मधेच गळाले, त्याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

१९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. आधुनिक ज्ञान भारतीय भाषेतून पदवीपर्यंत शिकवण्याचा तो मोठा प्रयोग. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडून ग्रंथांमागून ग्रंथ उर्दूत आणले. प्रयोग थोर होता, हे मी मनापासून मानतो. पण राज्यातले सुमारे पाव लोक मराठी बोलत आणि तेलुगू बोलणारे त्याहून बरेच जास्त, त्यांच्या भाषांच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. मातृभाषेतून शिकण्याचे तत्त्व मान्य करायचे आणि ते एकाच भाषेला लावायचे, हा अन्यायच होता. औरंगाबादची सरस्वती भुवन, अंबाजोगाईची योगेश्वरी या मराठी जपणाऱ्या शाळांना मराठवाड्यात एवढा मान का मिळाला, ते यातून कळते. 

तरी या शिक्षणाने दिलेही पुष्कळ. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी निजामाच्या मुलकी सेवेत होते. त्यांनी मोगल दरबाराची फारसी बातमीपत्रे मराठीत आणली, गालिब आणि इक्बाल मराठी वाचकापुढे ठेवले. शिवकालाकडे शत्रूच्या कागदांतून पाहण्याची वाट अनेकांना त्यांनी दाखवली. त्या पिढीतल्या कितीतरी साध्या कारकुनांना आणि वकिलांनाही ही अक्षरे सहज वाचता येत.

सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद मुक्त झाले. मराठी शाळेत आली, ते योग्यच झाले. पण उर्दू लिपी मराठी घरांतून इतक्या वेगाने गेली, की नातवाला आजोबांच्या जमिनीचा कागद वाचता येईना. त्या कागदावर तारीखही आपल्या ओळखीची नसते. निजामाच्या कारभारातला फसली सन, आणि महिने आजर, दै, बहमन, शहरेवर. १३४० फसली म्हणजे १९३०-३१, हे गणित माहीत नसेल तर कागद हातात असून काय उपयोग?

तुर्कस्तानात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. १९२८च्या कायद्याने अरबी लिपी जाऊन रोमन लिपी आली आणि पुढच्या पिढ्यांना जुने दस्तऐवज, थडग्यांवरचे लेखसुद्धा वाचता येईनासे झाले. डिसेंबर २०१४मध्ये तिथल्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेने वरच्या शालेय वर्गांत जुनी उस्मानी तुर्की शिकवावी, अशी शिफारस केली. धार्मिक शाळांत सक्तीची, इतरत्र ऐच्छिक. त्यावर वादंग माजले. काहींना ती हरवलेल्या वारशाची पुनर्प्राप्ती वाटली, काहींना प्रजासत्ताकाने सोडलेल्या वाटेवर परत जाणे.

आपल्याकडे ही निकड २०२३ साली एकदम उघड झाली. मराठा आरक्षणाच्या मागणीवरून कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातली निजामकालीन दप्तरे निघाली. मोडी, उर्दू, फारसी. ज्यांच्या हक्काचा प्रश्न त्या ओळींत अडकला होता, त्यांना दुसऱ्या कुणाच्या वाचण्यावर विसंबावे लागले.

अकरावी-बारावीला उर्दू आणि फारसी हे विषय राज्य शिक्षण मंडळाकडे आजही आहेत. परभणीत उर्दू शाळा आहेत, शिकवणारे शिक्षकही आहेत. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाने जुनी दप्तरे वाचायला शिकवण्याचे आठवड्याला दोन तास ठेवावेत. सक्ती नको, ती आपण भोगली आहे. मोडीची बाराखडी, उर्दूची अक्षरे, फसली महिने, आणि सरावाला तहसीलातल्या एखाद्या जुन्या कागदाची प्रत. दोन वर्षांत मुले वाचू लागतील.