शिष्यवृत्ती मागितली तर प्रवेश हुकतो का?

अमेरिकेतील काही महाविद्यालये अर्जदाराची आर्थिक गरज पाहूनही प्रवेश ठरवतात. चंद्रपूर-गडचिरोलीतील विद्यार्थ्याला ती धास्ती नको. अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत फेऱ्यांत जागा मिळते ती प्रवेश परीक्षेचे गुण, आरक्षण आणि पसंतीक्रमावर. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशानंतर भरला जातो, त्यामुळे तो गुणवत्ता यादीच्या आड येतच नाही. टीएफडब्ल्यूएसचे, म्हणजे शिक्षण शुल्क माफीचे काय, असे कोणी विचारेल. त्या योजनेच्या 5 टक्के जागा मंजूर क्षमतेबाहेरच्या असतात. तिथे चुरस जास्त, पण ती पसंती भरली म्हणून नेहमीच्या जागांवरचा हक्क जात नाही. खरी अडचण कागदांची. भामरागडहून जिल्ह्याचे ठिकाण गाठण्यातच दिवस मोडतो. पण म्हणून अर्ज टाळू नये. उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र आधीच मिळवावे.