रस्ता कुणाला मोजून बांधला जातो?

संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाचा दुसरा खंड आपल्या सभांतून, अभ्यासवर्गांतून पुष्कळदा वाचला जातो. शासनाच्या पैशातून राखलेल्या किंवा लोकांच्या वापरासाठी दिलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापरावर कोणाही नागरिकाला जातीच्या वा धर्माच्या कारणाने बंधन घालता येणार नाही, असे तो सांगतो. वाचताना आपला आवाज 'विहिरी' आणि 'तलाव' या शब्दांवर चढतो. महाडचा १९२७ सालचा संग्राम आपल्या रक्तात आहे, तेव्हा ते स्वाभाविकच आहे. 'रस्ते' हा शब्द मात्र आपण घाईने ओलांडतो. तो तेथे उगाच आलेला नाही. त्रावणकोरात वैकमच्या मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरून चालता यावे एवढ्याचसाठी १९२४-२५ साली सत्याग्रह करावा लागला होता. देशाच्या काही भागांत सवर्णांच्या आळीतून जाताना दलिताने सायकलवरून खाली उतरून ती हाताने ढकलत न्यावी, ही रूढी स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षे अभ्यासकांनी नोंदवली आहे.

रस्त्यावर पाऊल ठेवण्याचा हक्क कायद्याने मिळाला. पाऊल ठेवल्यावर तो माणूस पलीकडे जिवंत पोचतो की नाही, हे मात्र रस्त्याची आखणी ठरवते. आखणी आकड्यांवर उभी असते, आणि आकडे कुणाला मोजायचे ह्या निर्णयातून येतात. म्हणून सायकलीचे मार्ग आणि चौकांची सुधारणा हा विषय मला निव्वळ इंजिनियरांचा वाटत नाही. कळमेश्वरसारख्या गावात तर मुळीच वाटत नाही.

कळमेश्वर हे नागपूरच्या वायव्येस, काटोल रस्त्यावरचे तालुक्याचे ठिकाण. नागपूर-इटारसी लोहमार्ग येथून जातो. सावनेरकडून येणारा दुसरा रस्ता गावातून पुढे गोंडखैरीला अमरावती महामार्गास मिळतो. एका अंगाला औद्योगिक वसाहत, पोलादी पत्र्याचा कारखाना. दुसऱ्या अंगाला संत्र्याच्या बागा आणि कापसाची शेते. २०१७ साली नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि तालुक्यातील गावे त्याच्या हद्दीत गेली. खेडे, कारखाना आणि उपनगर अशी तीन जगे एकाच डांबरावर आली आहेत. मालाचा ट्रक, एसटी, नागपूरची मोटार, आणि त्यांच्याच बाजूने साइडपट्टीच्या मुरमावरून डबा लटकवून पाळीवर निघालेला कंत्राटी कामगार, शाळेतली मुलगी, निंदणाला निघालेल्या बाया. सायकलवर किंवा पायी चालणारी ही माणसे बहुतेक कोणत्या वस्त्यांतून येतात, हे ह्या नियतकालिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही.

आता ह्या माणसांची मोजणी कशी होते ते पाहू. रस्ता रुंद करायचा की नाही हे ठरवण्यासाठी इंजिनियर वाहने मोजतो आणि त्या सगळ्यांचे एका मापात रूपांतर करतो. त्या मापाचे नाव पॅसेंजर कार युनिट. म्हणजे मोटार हे एकक, आणि बाकी सगळे तिच्या हिशेबात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० सालच्या ग्रामीण रस्त्यांविषयीच्या मार्गदर्शिकेत मोटार १, ट्रक किंवा बस ३, सायकल अर्धी, सायकलरिक्षा २, हातगाडी ३ आणि मोठी बैलगाडी ८ असे आकडे आहेत. ह्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. कोणते वाहन मोटारीची वाट किती अडवते, त्याचे हे माप आहे. पन्नास माणसे घेऊन जाणारी बस तीन मोटारींएवढी. मग त्या मोटारींत एकेकच माणूस का असेना. सायकलस्वार म्हणजे अर्धा अडथळा. आणि पायी चालणारा? त्याला ह्या तक्त्यात ओळच नाही. माणसाचे मोल दुसऱ्याच्या सोयीवरून ठरवणारी कोष्टके आपल्याला नवी नाहीत. फरक इतकाच, की हे कोष्टक मनुस्मृतीत नसून टेंडरच्या कागदपत्रांत असते, आणि ते लिहिणाऱ्याच्या मनात कदाचित कसलाही द्वेष नसतो.

माणसे मोजली तर चित्र निराळे निघते. २०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योगाबाहेरच्या कामगारांना, कामावर कसे जाता, हे विचारले गेले. सुमारे २३ टक्के पायी जात होते, १३ टक्के सायकलने, आणि मोटारीने जाणारे अवघे ३ टक्क्यांच्या आसपास. त्याच जनगणनेत सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. मोटार ५ टक्क्यांहूनही कमी कुटुंबांकडे. त्यानंतर मोटारसायकली पुष्कळ वाढल्या हे खरे. तरीही २०२२ साली देशात रस्त्यावर मेलेल्या १,६८,४९१ माणसांत ३२,८२५ पादचारी होते. तक्त्यात ज्यांना ओळ नाही, ते मृतांच्या यादीत असे ठळक आहेत.

अपघातांच्या दृष्टीने चौक ही रस्त्यावरची सर्वांत नाजूक जागा. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांच्या वाटा एकमेकींना छेदण्याच्या, मिळण्याच्या व फुटण्याच्या ३२ जागा असतात. तीन रस्त्यांच्या फाट्यावर ९. तेथे वेग किती, ह्यावर सारे अवलंबून. ताशी ३० किलोमीटरने येणारी मोटार, ड्रायव्हरला धोका दिसल्यापासून, कोरड्या रस्त्यावर सुमारे १३ मीटरमध्ये थांबते. ताशी ५० ने येणारीला सुमारे २८ मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वेग ५० वरून ६५ वर गेला तर मोटारीच्या धडकेत पादचारी मरण्याचा धोका साडेचार पटींनी वाढतो.

म्हणून चौक सुधारणे म्हणजे तेथे पुतळ्याभोवती कारंजे बसवणे नव्हे. पहिले काम कोपरे आवळण्याचे. कोपऱ्याची गोलाई मोठी ठेवली की ट्रक वेग न उतरवता वळतो, आणि त्याच्या डाव्या बाजूची सायकल ड्रायव्हरला दिसतच नाही. गोलाई लहान केली की त्याला वेग उतरवावाच लागतो. दुसरे, रुंद रस्त्याच्या मधोमध थांबायला उंचवट्याची जागा, म्हणजे म्हातारीला एका वेळी एकाच बाजूची वाहने पाहून रस्ता ओलांडता येईल. तिसरे, ओलांडण्याची पट्टी पदपथाच्या उंचीवर आणणे. तोच गतिरोधक होतो. चौथे, सिग्नल असेल तर सायकलींची थांबरेषा वाहनांच्या पुढे, म्हणजे हिरवा दिवा लागताच सायकल आधी निघून ड्रायव्हरच्या नजरेत येते. पाचवे, एसटी व ऑटोचा थांबा कोपऱ्यापासून दूर, आणि चौकात भरपूर उजेड, कारण रात्रपाळी सुटते तेव्हा चौक अंधारात असून चालत नाही. उड्डाणपुलाच्या तुलनेत ह्या कामांचा खर्च किरकोळ आहे. विटा, सिमेंट, रंग आणि इच्छा एवढेच त्याला लागते.

मार्गाचा नियमही सोपा आहे. सायकलमार्ग वस्तीच्या तोंडापासून सुरू व्हावा आणि कारखान्याच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या, स्टेशनच्या दारापर्यंत तुटू नये. पुण्याचा धडा येथे लक्षात घ्यावा. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या शहरात मार्ग बांधले गेले, पण तुकड्यातुकड्यांनी. मध्ये खांब, मध्ये उभी वाहने, आणि नेमका चौक आला की मार्ग गायब. २०१७ साली महापालिकेने सर्वंकष आराखडा मंजूर केला, तरी मूळ दुखणे तेच राहिले. नागपूरही केंद्र शासनाच्या २०२० च्या सायकल स्पर्धेत उतरले आणि २०२१ साली पुढच्या टप्प्यासाठी निवडलेल्या ११ शहरांत आले. परंतु अशा मोहिमांच्या छायाचित्रांत मला हेल्मेटवाला हौशी सायकलस्वारच अधिक दिसतो. सायकल ज्याची निकड आहे, तो त्या वेळी कामावर असतो.

मार्ग केव्हा द्यावा, ह्याचेही प्रमाण जुनेच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ सालीच सांगितले होते, की गर्दीच्या तासाला ४०० सायकली असतील तर वेगळा मार्ग करावा. आणि मोटार वाहने तासाला २०० हून अधिक असतील तर १०० सायकलींसाठीही करावा. प्रमाण चांगले, पण त्यात एक सापळा आहे. रस्ता धोक्याचा झाला की लोक सायकल सोडतात, बाप मुलीला सायकलवर पाठवत नाही, मोजणीत आकडा कमी येतो, आणि अधिकारी म्हणतो, 'येथे सायकली आहेतच कुठे?' विहीर बंद ठेवायची आणि तिच्यावर किती अस्पृश्य येतात हे मोजून पाण्याची गरज ठरवायची, तसा हा न्याय.

आपल्यातलेच काही तरुण म्हणतील, सायकल ही गरिबीची खूण, तुम्ही आम्हाला मागे का नेता? ह्या प्रश्नामागे अपमानाचा इतिहास आहे, तो मी नाकारत नाही. १९२९ साली चाळीसगावला बाबासाहेबांना घेऊन जायला एकही टांगेवाला तयार झाला नाही. वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने आणला, हाकायची सवय नसलेला आपलाच माणूस बसवला, आणि नदीच्या पुलावर टांगा उलटून बाबासाहेबांचा पाय मोडला. ज्यांना वाहन नाकारले गेले, त्यांनी मोटारसायकल अभिमानाने घेतली तर त्यात गैर काय? पण सुधारलेला चौक मोटारसायकलवाल्यालाही वाचवतो, कारण रस्त्यावरच्या मृतांत सर्वांत मोठा गट दुचाकीस्वारांचाच आहे. आणि घरातली एकुलती मोटारसायकल घरातला पुरुष नेतो. तामिळनाडूतील पुदुक्कोट्टाई जिल्ह्यात १९९१ नंतर साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारो श्रमिक स्त्रिया सायकल शिकल्या आणि बाजारहाट, पाणी, काम ह्यांसाठी कुणाच्या पायाशी पडेनाशा झाल्या. बिहारने २००६ पासून शाळकरी मुलींना सायकली दिल्या, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींचा प्रवेश सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे अभ्यासकांनी दाखवले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळाल्या. सायकल दिली आणि रस्ता दिला नाही, तर ती भिंतीला टेकून गंजते.

मग करायचे काय? मोजणी आपण करायची. दोन पाळ्यांच्या आणि शाळा सुटण्याच्या वेळी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी वही घेऊन चौकात उभे राहावे; वाहने न मोजता माणसे मोजावीत; बाया किती, मुले किती, रस्ता ओलांडायला किती वेळ थांबली, हे लिहावे. अपघाताच्या जागांची माहिती माहितीच्या अधिकारात मागावी. एका चौकात नगर परिषद, सार्वजनिक बांधकाम खाते आणि औद्योगिक महामंडळ अशा तिघांची हद्द येऊ शकते आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो; म्हणून निवेदन तिघांना एकाच दिवशी द्यावे. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्या वेळी आपला नकाशा तयार हवा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. रस्त्याच्या आखणीचे प्रमाण न पाळल्याने कुणी मेले वा अपंग झाले, तर संबंधित अधिकारी यंत्रणा व ठेकेदार एक लाख रुपयांपर्यंत दंडास पात्र होतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ही हत्यारे वापरावाचून पडली आहेत.

आणि एक. दलित वस्ती सुधारणेच्या निधीतून वस्तीच्या आत सिमेंटची गल्ली होते, आणि ती वस्तीच्या तोंडाशी संपते. तेथून शाळेपर्यंतचा, कारखान्यापर्यंतचा रस्ता आणि मधला चौक कुणाच्याच योजनेत नसतो. आपली मागणी त्या शेवटच्या फरशीपासून पुढे सुरू झाली पाहिजे.

हॉलंडमध्ये १९७१ साली रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले. आईबाप रस्त्यावर उतरले, 'मुलांच्या हत्या थांबवा' म्हणाले, आणि पुढे तेथे सायकलींचे जाळे उभे राहिले. ते कुणी दान दिले नाही. संविधानातला 'रस्ते' हा शब्दही कुणी दान दिलेला नाही. तो कळमेश्वरच्या चौकात उतरवायचा असेल, तर वही-पेन्सिल घेऊन सकाळच्या पाळीच्या वेळी तेथे उभे राहण्यापासून सुरुवात करता येईल.