ल्यूट : तात आणि हात

सतारीचे दोऱ्याने बांधलेले, सरकवता येणारे पडदे आपल्या ओळखीचे आहेत. युरोपातल्या ल्यूटचे पडदेही दांडीला असेच बांधतात, पण तातेचे, म्हणजे आतड्याच्या दोरीचे. पूर्वी ताराही तातेच्याच असत.

ड्रेस्डेनच्या दरबारात सिल्व्हियस लिओपोल्ड वाइस (1687–1750) वाजवत, त्या काळच्या मोठ्या ल्यूटला 24 तारा असत : 2 एकेरी आणि 11 जोड्या. दमट हवेत तात सुरातून हलते. म्हणून तर 1713 मध्ये योहान माटेसन यांनी थट्टा केली, की 80 वर्षांच्या ल्यूटवादकाची 60 वर्षे तारा जुळवण्यातच जातात!

विसाव्या शतकात ल्यूट पुन्हा वाजू लागले, तेव्हा अनेकांनी टिकाऊ नायलॉन पसंत केले. खर्जाला धातू गुंडाळलेल्या तारा आल्या. त्या इतका वेळ घुमतात, की वरची चाल झाकोळते. तातेचा खर्ज लवकर विरतो. जोडीची एक सप्तक वरची पातळ तार त्याला स्पष्टपणा देते.

जुन्या चित्रांत वादकाची करंगळी घोडीजवळ टेकलेली दिसते. तिथे बोटाच्या मांसल टोकाने छेडले, की तात स्वच्छ बोलते. म्हणजे नुसती तार बदलून भागत नाही. हातालाही जुनी जागा शोधावी लागते.