दहावीतलं पोरगं सकाळी उठत का नाही?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा मजकूर.

सकाळचे सहा. "अरे ऊठ, व्हॅन येईल!" मामी तिसऱ्यांदा हाक मारते. मामा म्हणतो, "रात्रभर मोबाईल, मग कसा उठणार?" आणि माझा पंधरा वर्षांचा मामेभाऊ पांघरुणात आणखी खोल शिरतो. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे राहिलो, तेव्हा रोज हेच. मला माझी दहावी आठवली. मलाही घरात 'आळशी' म्हणायचे, आणि वाईट म्हणजे मला ते खरं वाटायचं.

तर आजचा मुद्दा: यातला बराचसा भाग आळस नसतोच.

आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं. रात्र झाली की त्याच्या इशाऱ्यावर मेलॅटोनिन नावाचं हार्मोन वाढतं आणि शरीराला कळतं की आता झोपायचं. वयात येताना हे घड्याळ पुढे सरकतं, काहींचं तर दोन तासांपर्यंत. शिवाय दिवसभर जागं राहिल्यावर झोपेची जी ओढ साठते, तीही या वयात हळू साठते. म्हणून लहानपणी नऊला पेंगणारं पोरगं आता अकरालाही टक्क जागं असतं.

"हे सगळं मोबाईलमुळे," असं कोणी म्हणेल. मोबाईल भर घालतो, खरंय. पण अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्सकाडन यांनी हा बदल १९९०च्या दशकात दाखवला होता. तेव्हा स्मार्टफोन कुठे होते?

आता हिशोब करा. १३ ते १८ वयात रोज ८ ते १० तास झोप हवी. साडेअकराला झोपून सहाला उठलं, तर झाले साडेसहा तास. रोजची किमान दीड तासाची उधारी. सहा दिवसांत नऊ तास, म्हणजे एक अख्खी रात्र! आणि दिवसभर शिकलेलं मेंदू पक्कं करतो ते झोपेतच. झोप कापून केलेला अभ्यास असा बराचसा वाया जाऊ शकतो. चिडचिड होते ती वेगळीच.

कॅलिफोर्नियात २०२२पासून कायद्यानेच बहुतेक हायस्कुलं साडेआठच्या आधी भरत नाहीत. आपल्याकडे २०२४मध्ये शासनाने शाळा नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, पण ते चौथीपर्यंतच. ज्यांचं घड्याळ सरकलंय ती मोठी पोरं त्यात नाहीत.

हे सगळं मामीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं, मग शाळा काय तू उशिरा उघडणार आहेस?"

बरोबर आहे. शाळा हलत नाही, मग आपल्या हातात काय आहे ते बघू.

एक, उठल्यावर लगेच दहा-पंधरा मिनिटं उजेडात जा. गॅलरी, गच्ची, काहीही चालेल. सकाळचा उजेड घड्याळ मागे आणतो.

दोन, रात्री फोन चार्जिंगला हॉलमध्ये. पण सगळ्यांचा, आई-बाबांचाही. नाहीतर पोरं ऐकणार नाहीत, आणि का ऐकावं?

तीन, संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. चहातलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात.

चार, रविवारी बारापर्यंत लोळू नका. नेहमीपेक्षा तास-दीड तास जास्त झोपलं तर ठीक. त्याहून जास्त झालं की घड्याळ पुन्हा पुढे जातं आणि सोमवार जड जातो. दुपारी वीस मिनिटं डुलकी चालेल.

आणि एक महत्त्वाचं. पुरेशी झोप होऊनही कोणी सतत थकलेलं असेल, जोरात घोरत असेल, किंवा दोन आठवडे उदास असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मनाचं काही बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

मामीकडे आता फोन हॉलमध्ये झोपतात. भाऊ अजून एका हाकेत उठत नाही, पण 'आळशी' हा शब्द बंद झालाय. मला तेवढंही पुष्कळ वाटतं.

हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. रात्री नको, सकाळी! भेटू पुढच्या भागात.