गिटच्या दस्तऐवजीकरणातील ‘इंडेक्स’ ही संज्ञा

गिट या आवृत्ती नियंत्रण प्रणालीत पुढील कमिटमध्ये जाणाऱ्या फाइलींची स्थिती ज्या ठिकाणी नोंदवून ठेवली जाते, त्यास अधिकृत दस्तऐवजीकरणात ‘इंडेक्स’ म्हणतात. याच घटकाला ‘कॅश’ आणि ‘स्टेजिंग एरिया’ अशी आणखी दोन नावे आहेत. नवशिक्यांच्या अनेक चुकांचे मूळ या त्रिविध नामकरणात आहे.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहिण्यास आरंभ केला, तेव्हा या घटकाचे वर्णन ‘करंट डिरेक्टरी कॅश’ असे केले होते. फाइलींचा आकार, वेळ इत्यादी माहिती त्यात साठवलेली असल्याने कोणती फाइल बदलली हे झटकन कळते. त्या अर्थाने नाव योग्यच होते. मात्र संगणकशास्त्रात कॅश म्हणजे पुसली तरी पुन्हा तयार करता येणारी तात्पुरती प्रत. इंडेक्सचे तसे नाही. ‘गिट ॲड’ दिलेल्या क्षणीचा मजकूर त्यात नोंदला जातो. त्यानंतर फाइलीत केलेली दुरुस्ती पुन्हा ‘ॲड’ केल्याशिवाय साध्या कमिटमध्ये येत नाही.

गिटच्या शब्दसूचीत ‘कॅश’ ही संज्ञा आता कालबाह्य ठरवली आहे. आज्ञांच्या पर्यायांमध्ये मात्र ती टिकून आहे. ‘गिट आरएम’ ही आज्ञा फाइल इंडेक्समधून आणि डिस्कवरूनही काढते. ‘कॅश्ड’ हा पर्याय जोडल्यास डिस्कवरील फाइल शाबूत राहते. फाइलीचा मागोवा थांबवायचा, पण फाइल हवी, असे असेल तेव्हा हा एक शब्द निर्णायक ठरतो. ‘गिट अप्लाय’मध्ये तर ‘कॅश्ड’ म्हणजे केवळ इंडेक्स आणि ‘इंडेक्स’ म्हणजे इंडेक्स व कार्यरत फाइली दोन्ही. एकाच वस्तूची दोन नावे येथे दोन निराळ्या कृती दर्शवतात, आणि हे नावांवरून ओळखणे अशक्य आहे.

दस्तऐवजातील वाक्य सुधारता येते. पर्यायाचे नाव बदलले तर त्यावर अवलंबून असलेल्या असंख्य स्क्रिप्ट बंद पडतील. म्हणून जुने शब्द न काढता नवे जोडले गेले. ‘गिट डिफ’मध्ये ‘स्टेज्ड’ हा ‘कॅश्ड’चा समानार्थी पर्याय आहे. ऑगस्ट २०१९ मधील २.२३ आवृत्तीत आलेल्या ‘गिट रिस्टोअर’ या आज्ञेत इंडेक्ससाठी ‘स्टेज्ड’ हाच पर्याय वापरला आहे.

मराठीत इंडेक्ससाठी ‘अनुक्रमणिका’ हा शब्द सहज सुचतो. पथनावांची क्रमवार यादी असे या फाइलीचे स्वरूप असल्याने तो अगदीच गैरलागू नाही. परंतु पुढील कमिटची पूर्वतयारी हा अर्थ त्यातून निघत नाही.