एपिलेटर इतका का दुखतो?

वॅक्सिंगच्या आधी केस वाढू द्यायचे, हे आपण पार्लरमध्ये शिकलो. घाटकोपर असो की बोरिवली, पार्लरमधली ताई हातावरची लव चाचपते आणि ‘अजून आठवडाभर थांबा, स्ट्रिपला पकड येणार नाही’ म्हणून सांगते. वॅक्सच्या बाबतीत तिचं बरोबरच आहे. पण हाच नियम घरी एपिलेटर आणल्यावर पाळला की पहिल्या दोन मिनिटांत डोळ्यांत पाणी येतं आणि मशीन कपाटात जाऊन पडतं.

एपिलेटरच्या फिरत्या डोक्यात बारीक चिमटे असतात. दोन ते पाच मिलिमीटरचा केस ते नीट पकडतात आणि मुळासकट काढतात. केस त्याहून लांब असला तर तो चिमट्यांत गुंततो, त्वचेला हिसका बसतो, कधी केस अर्ध्यातच तुटतो. म्हणून पहिल्यांदा वापरण्याआधी पायांवरून रेझर फिरवावा आणि साधारण आठवडा-दीड आठवड्याने, खुंट जरा वर आले की मशीन लावावं.

इथे लगेच दुसरी भीती डोकं वर काढते: रेझरने केस राठ आणि दाट होतात! मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी 1928 मध्येच हे तपासून पाहिलं होतं. दाढी केल्याने केसांची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून ते बोटांना टोचतं, एवढंच. मुळासकट निघालेल्या केसाच्या जागी येणारा केस निमुळत्या टोकाचा असतो, त्यामुळे तो मऊ लागतो.

‘हळूहळू सवय होते’ असं मैत्रिणी सांगतात. सवय होतेही, पण दुखणं कमी होण्याचं मोठं कारण वेगळं आहे. पायावरचे सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. काही वाढीला लागलेले असतात, काही विश्रांती घेत असतात. पहिल्या वेळी वर आलेले सगळेच्या सगळे केस एकदम उपटले जातात. नंतर ते टप्प्याटप्प्याने येतात. दर आठवड्या-पंधरवड्याला मशीन फिरवलं तर प्रत्येक वेळी थोडेच केस निघतात, म्हणजे दुखणंही थोडंच. महिनाभर टाळून लग्नाच्या आदल्या रात्री एकदम करायला बसणं हा सगळ्यांत त्रासाचा मार्ग.

आधी बर्फ चोळून त्वचा बधिर करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्वचा थोडी बधिर होते हे खरं. पण थंडीने अंगावर काटा येतो तेव्हा केसाच्या मुळाशी असलेला इवलासा स्नायू आखडतो, आणि तो आखडलेला असताना केस उपटायला जास्त जोर लागतो. बर्फ नंतर लावावा, रुमालात गुंडाळून, दोन-चार मिनिटं. आधी कोमट पाण्याने अंघोळ करावी. त्याने त्वचेची छिद्रं ‘उघडतात’ असं म्हणतात, ते मात्र चूक. छिद्रांना उघडझाप करणारे स्नायूच नसतात. कोमट पाण्याने केस आणि त्वचा मऊ होते, अंग सैल पडतं. आपल्याला तेवढंच हवं आहे.

खरी अडचण त्यानंतर येते, आणि ती आपल्या हवेची आहे. साधा एपिलेटर कोरड्या त्वचेवरच नीट चालतो. जुलैत अंधेरीच्या एखाद्या दहा बाय बाराच्या खोलीत टॉवेलने पाय पुसेपर्यंत पुन्हा घाम सुटलेला असतो. ओला केस त्वचेला चिकटून आडवा पडतो, चिमट्यांतून निसटतो, मग तीच जागा पाच-पाच वेळा घासली जाते. पंख्याखाली बसावं, चिमूटभर पावडर लावून झटकून टाकावी. तेल किंवा लोशन आधी लावू नये. पाण्यात चालणारी मशीनं वेगळी मिळतात. वायर लावून चालवायचं मशीन बाथरूममध्ये नेऊ नये.

दाबून धरलं की लवकर उरकतं, असंही वाटतं. उलट दाबाने त्वचाच चिमटली जाते. मशीन काटकोनात, हलकं धरावं आणि केसांच्या उलट दिशेने सावकाश न्यावं. मोकळ्या हाताने त्वचा ताणून धरावी. गुडघ्यावर करताना पाय दुमडावा. सुरुवात पोटरीच्या बाहेरच्या बाजूने करावी. काख आणि घोटा नंतर. वॅक्सची स्ट्रिप ओढल्या क्षणी पार्लरवाली त्या जागेवर तळहात दाबते, आठवतं? त्यामागे शास्त्र आहे. मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी 1965 मध्ये मांडलं की स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना अडवू शकतात. तसाच हात एपिलेटरच्या मागोमाग ठेवून पाहा.

बधिर करणाऱ्या मलमाबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. लिडोकेन-प्रिलोकेनचं मलम हे औषध आहे. लेझरने केस काढण्याआधी बधिर करणारं मलम पायांना फासून वर प्लास्टिक गुंडाळल्याने 22 आणि 25 वर्षांच्या दोन तरुणी दगावल्या, तेव्हा 2007 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला होता. औषध त्वचेतून रक्तात उतरतं. जागा जितकी मोठी, तितकं जास्त. दोन्ही पायांना ते कधीही लावू नका. छोट्या जागेसाठीही आधी डॉक्टरांना विचारा.

नंतर उठणारे लाल ठिपके ही अॅलर्जी असतेच असं नाही. बहुतेकदा ते काही तासांत बसतात. म्हणून हे काम रात्री करावं. सकाळी करून घट्ट लेगिंग्ज घालून गर्दीच्या लोकलमध्ये शिरलं की घाम आणि घर्षणाने त्याच ठिपक्यांच्या पुळ्या होतात. पू धरला तर थांबा. मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, मुरुमांसाठी रेटिनॉइड चालू असेल, किंवा पायावर फुगलेल्या शिरा असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीन लावू नका. हनुवटीवर अचानक राठ केस येऊ लागले आणि पाळीही अनियमित असली तर कारण हार्मोन्सचं असू शकतं. विलेपार्ल्याच्या कूपरसारख्या पालिका रुग्णालयातही ते दाखवता येतं.

प्रत्येक वेळी मशीनचं डोकं ब्रशने झाडून स्पिरिटने पुसा, आणि ते बहिणीलाही वापरायला देऊ नका. चिमट्यांवर रक्ताचा कण राहू शकतो.